जहाजावरच्या पार्लरमध्ये काय करावं आणि काय नागपुरातच उरकावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मनीषनगरच्या एका ताईंच्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला डिसेंबरात ५० वर्षं होताहेत. त्यासाठी घरातले पाच जण सिंगापूरहून पेनांग आणि फुकेतला जाणाऱ्या ४ रात्रींच्या क्रूझवर निघालेत. जहाजावर केसांचं पार्लर आहे. लेकीला तिथेच हायलाइट्स करायचेत. ताई स्वतः घरी लोखंडी कढईत भिजवलेली मेंदी लावतात, लेकीनेही गेल्या वर्षभरात दोन-तीनदा लावली आहे. त्यांची पार्लरवाली म्हणते, निघायच्या दोन दिवस आधी केराटिन, म्हणजे केस सरळ-मऊ करायचं औषध, लावून घ्या. सासूबाईंना खोपा हवाय. जहाजावरचं पार्लर वापरावं का, वापरलं तर कशासाठी, असं त्या विचारतात.

ताई, माझ्या वडिलांची महालात दोन खुर्च्यांची कटिंगची दुकान होती, तिथे मी शिकलो. मग दोन करार जहाजावरच्या सलूनमध्ये काम केलं, आणि परत आल्यापासून धरमपेठेत बायकांचेच केस करतो. म्हणजे दोन्हीकडच्या खुर्चीमागे उभा राहिलोय. आधी लेकीच्या हायलाइट्सचं बोलतो. बाकी काहीही चुकलं तर चार दिवसांत निस्तरता येतं, हे निस्तरत नाही.

माझ्या पहिल्या करारातली गोष्ट आहे. रात्री नटूनथटून जेवायला जायचा दिवस, दुपारचे चार वाजलेले, बाहेर तीन बाया थांबलेल्या. एक भारतीय पाहुणी आली, तिला चेहऱ्याच्या बाजूने आणि मागे थोड्या सोनेरी बटा हव्या होत्या. मी विचारलं, केसांना आधी रंग केलाय का? ती म्हणाली, ‘रंग कधीच नाही, फक्त मेंदी.’ मी लहानपणापासून मेंदी लावणाऱ्या बायकांतच वाढलेलो, ‘फक्त मेंदी’ हे शब्द माझ्या कानावरून तसेच गेले. ब्लीच कालवलं, फॉइल बांधले. सात-आठ मिनिटांनी एक फॉइल बघायला हात लावला तर ते गरम. कोमट नव्हे, चहाच्या कपासारखं गरम. सगळे फॉइल ओरबाडून काढले, डोकं गार पाण्याखाली धरलं. टाळू वाचली. पण मागच्या तीन बटा बोटभर लांबीवर तुटून माझ्या हातात आल्या. तिने वर्षानुवर्षं पुडीतली ‘काळी मेंदी’ लावली होती, हे नंतर कळलं. विचारायचं काम माझं होतं आणि चाचणी घ्यायचं कामही माझंच होतं. त्या दिवशी घाई होती, हे कारण मी स्वतःला आजवर दिलेलं नाही.

असं का होतं ते सांगतो, म्हणजे लेकीला समजावता येईल. ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. केसात धातूचे क्षार बसलेले असले की पेरॉक्साइड त्यांच्यापाशी झपाट्याने फुटतं आणि उष्णता बाहेर पडते. केस आतूनच भाजतो. काही मिश्र मेंद्यांत असे क्षार असतात. आणि ताई, तुमची लोखंडी कढई! मेंदीत चहाचं पाणी आणि आवळ्याची पूड घालून रात्रभर लोखंडात भिजवलं की ती काळपट होते, कारण चहा-आवळ्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळतं. म्हणजे थोडं लोखंड केसांवर जातं. त्या लोखंडाने रंग छान गडद येतो, माझी आजीसुद्धा तशीच करायची, आणि नुसत्या मेंदीपुरतं त्यात काही वाईट नाही. पण त्याच केसावर ब्लीच आलं की तेच लोखंड घात करतं. पुडीतल्या मेंदीत नीळ, म्हणजे नीळीच्या पानांची पूड, असली तर आणखी एक होतं, ब्लीच केल्यावर केस हिरवट दिसतात आणि तो हिरवा सहजी जात नाही.

म्हणून चाचणी इथेच, नागपुरात करा. लेकीच्या मानेमागच्या आतल्या बटेतले, मेंदी लागलेल्या भागातले २०-२५ केस कापून घ्या. ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड, ज्याला आम्ही २० व्हॉल्यूम म्हणतो, काचेच्या वाटीत घ्या, त्यात अमोनियाचे थोडे थेंब, आणि केस त्यात अर्धा तास. बुडबुडे उठले, वाटी गरम झाली, केस चिवट जेलीसारखा ताणला गेला किंवा रंग भलताच बदलला, तर हायलाइट्स नाहीत. पुढच्या वर्षीही नाहीत, मेंदीचा तो भाग कापला जाईपर्यंत नाहीत. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, त्यावरून हिशेब करा. ही चाचणी घरी करू नका, पार्लरवालीकडून करून घ्या, किंवा माझ्याकडे केस कागदात गुंडाळून पाठवा. चाचणी स्वच्छ आली तर हायलाइट्स निघायच्या दोनेक आठवडे आधी इथेच करा. काही बिघडलं तर दुरुस्तीला दिवस हाताशी राहतात.

जहाजावरची मुलं-मुली वाईट काम करतात म्हणून हे सांगत नाही. त्यांच्यात फार चांगले हात पाहिलेत मी. पण तुमच्या केसांना आधी काय काय लागलंय हे त्यांना कधीच कळणार नाही, आणि चौथ्या रात्रीनंतर तुम्ही त्यांना परत भेटणार नाही. ज्या केशकर्त्याकडे पुन्हा जाता येत नाही, त्याच्या हातून रसायन लावून घेऊ नये. धुणं, वाळवणं, बांधणं त्याच्याकडे खुशाल द्या, माझा सगळा सल्ला एवढाच आहे. रंगाचंही तसंच. केसांच्या काळ्या रंगांत बहुतेक वेळा पीपीडी नावाचं द्रव्य असतं, त्याची ॲलर्जी आहे का हे बघायला कानामागे किंवा कोपरात थेंब लावून ४८ तास थांबावं लागतं. ४ रात्रींच्या सफरीत ४८ तास गेले की अर्धी सफर गेली, आणि पुरळ उठलंच तर उरलेली अर्धी जहाजाच्या दवाखान्यात.

पीपीडी निघालंच आहे तर एक आत्ताच लेकीच्या कानावर घाला. किनाऱ्यांवर काळ्या मेंदीचे टॅटू काढून देणारे बसलेले असतात. खरी मेंदी केशरी-तपकिरी रंगते, अर्ध्या तासात कुळकुळीत काळी होत नाही. त्या काळ्या लेपात हेच पीपीडी फार जास्त प्रमाणात असू शकतं. त्याने फोड येतात, आणि एकदा शरीर बिथरलं की पुढे जन्मभर पीपीडी असलेला केसांचा रंग लावता येत नाही. माझ्याकडे अशा दोन मुली आल्या आहेत. दोघींना मला नाही म्हणावं लागलं.

आता केराटिन. निघायच्या दोन दिवस आधी अजिबात नको. बहुतेक केराटिनांत पहिले तीन दिवस केस ओले करायचे नसतात, कानामागे खोचायचे नसतात, रबर लावायचं नसतं. तुम्ही तिसऱ्या दिवशी जहाजाच्या डेकवर असाल, घाम, फवारे आणि स्विमिंग पूल. वर त्यातल्या काही औषधांमधून इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, डोळे चुरचुरतात, खोकला येतो. करायचंच असेल तर २०-२५ दिवस आधी, खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या ठिकाणी करा. खरं विचाराल तर डिसेंबरच्या चार रात्रींसाठी त्याची गरज नाही.

गरज का वाटते ते मात्र मला समजतं. आपल्या नागपूरची हवा बहुतेक वर्ष कोरडी, मे महिन्यात तर पारा ४५च्या पुढे जातो आणि कंगवा फिरवला की केस चटचट करतात. तिथे समुद्रावर हवा दमट, तीही चोवीस तास. ओल्या केसाला ड्रायरने सरळ करतो तेव्हा केसातले हायड्रोजनचे कच्चे बंध सुटून नव्या आकारात जुळतात. हवेतला ओलावा तेच बंध पुन्हा सोडतो. म्हणून धरमपेठेत तीन दिवस टिकणारा ब्लो ड्राय डेकवर तीन तासांत फुगतो. यात पार्लरवाल्याचा दोष नसतो. उपाय असा की ब्लो ड्राय जेवणाच्या आधी दीड-दोन तास करायचा, सकाळी नाही, आणि त्यानंतर उघड्या डेकवर फोटो काढायला जायचंच असेल तर आधी फोटो, मग पार्लर. मोकळे सरळ केस ठेवण्याऐवजी थोडे बांधलेले, थोडे सोडलेले असे करून घ्या, हवा लागली तरी ते बिघडलेले दिसत नाहीत.

पाण्याचा फरकही जाणवेल. तुमच्याकडे बोअरवेलचं पाणी असेल तर त्याचा खार केसांवर बसतो आणि शॅम्पूला फेस कमी येतो. जहाजावरचं पाणी बरंचसं समुद्राच्या पाण्यापासूनच करतात, वाफ करून किंवा दाबाने जाळीतून गाळून. मग त्यात थोडे क्षार आणि क्लोरीन घालतात. ते पाणी मऊ असतं. घरच्या सवयीने मूठभर शॅम्पू घेतलात तर फेस निघता निघत नाही आणि केस बुळबुळीत वाटतात. घरच्या अर्ध्याने सुरुवात करा. पूलमध्ये उतरण्याआधी केस साध्या पाण्याने चिंब भिजवा आणि थोडं खोबरेल चोळा. भिजलेला केस पूलचं पाणी कमी ओढतो, आणि खोबरेल केसाच्या आत शिरून प्रथिनाची झीज कमी करतं, हे प्रयोगाने दिसलेलं आहे. पण पार्लरला जायच्या दिवशी तेल नको. आपल्याकडच्या बाया सवयीने तेल लावून यायच्या, मग आम्ही दोनदा-तीनदा धुवायचो, त्यात त्यांचाच वेळ जायचा आणि केस तरीही बसायचे नाहीत.

वेळेचं आणि पैशाचं सांगतो. ४-५ रात्रींच्या सफरीत नटून जेवायची रात्र बहुधा एकच असते. त्या दिवशी दुपारी तीन ते सहा या वेळेवर सगळ्या जहाजाचा डोळा असतो. जहाजाच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर आधीच वेळ घेता येत असेल तर आजच घ्या, नाहीतर चढल्या चढल्या पहिल्या दुपारी सलूनमध्ये जाऊन नाव लिहा. सुरक्षेची कवायत मात्र आधी उरका, ती प्रत्येकाला सक्तीची आहे. आम्हा केशकर्त्यांनाही त्यात काम असतं, लाइफ जॅकेट घालून लोकांना जागा दाखवायची. दिलेली वेळ जहाजाच्या घड्याळाची असते. पेनांगचं घड्याळ सिंगापूरसारखंच, पण फुकेत १ तास मागे आहे. मोबाइल आपोआप फुकेतची वेळ दाखवायला लागतो आणि माणूस तासभर उशिरा पोचतो. आयत्या वेळी रद्द केलं किंवा चुकलं तर निम्मे किंवा सगळे पैसे कापतात, साधारण २४ तास आधी कळवावं लागतं.

दर डॉलरमध्ये असतात आणि जहाजागणिक बदलतात. धुऊन ब्लो ड्रायला ४० ते ७० डॉलर धरून चाला, बांधणीला त्याहून जास्त, लांब केसांना वेगळे पैसे. त्यावर सेवाशुल्क, बहुतेक जहाजांवर १८ ते २० टक्के, आपोआप लागतं. पावतीवर खाली बक्षिसासाठी आणखी एक रिकामी ओळ असते. ती रिकामी सोडली तरी चालते. पैसे रोख देत नाही, खोलीच्या कार्डावर चढतात, त्यामुळे खर्च हाताला जाणवत नाही. बसण्याआधी ‘सगळं मिळून किती?’ हे विचारा. बंदराच्या दिवशी लोक खाली उतरतात तेव्हा सलून रिकामं असतं आणि सवलती असतात. तुम्हाला कुठे उतरायचं नसेल त्या वेळी सासूबाईंचे केस धुवायला ती वेळ उत्तम.

काम झालं की समोर एक कागद येईल, त्यावर तुमच्या केसांसाठी म्हणून चार बाटल्या लिहिलेल्या असतील. हे समजून घ्या. जहाजावरचं सलून बहुतेक वेळा जहाज कंपनीचं नसतं, दुसऱ्या कंपनीला चालवायला दिलेलं असतं, आणि कारागिराची कमाई कमिशनवर असते. आमच्या आठवड्याच्या विक्रीचा आकडा भिंतीवर लागायचा. ती पोरगी तुम्हाला लुबाडत नाहीये, तिला आकडा गाठायचा आहे. ‘आज फक्त ब्लो ड्राय, बाटल्या नकोत’ हे बसतानाच हसून सांगा. त्याने तिचाही वेळ वाचतो आणि ती मनापासून काम करते. नंतर नाही म्हणायला आपल्या बायकांना अवघड जातं, हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

आणखी एक, ज्याचा विचार कोणी करत नाही. सलून आणि स्पा बहुधा जहाजाच्या वरच्या मजल्यावर पुढच्या टोकाला असतात, कारण तिथून समुद्र छान दिसतो. पण जहाज जास्त हलतं तेही तिथेच. मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर हलणं कमी. तुमचा मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतला, दोन्ही बाजूंनी जमीन, त्यामुळे पाणी त्यामानाने शांत असतं. तरी मान मागे टाकून डोकं धुताना ज्याला बस लागते त्याला इथेही मळमळेल. भरल्या पोटी जाऊ नका आणि एकदम उपाशीही नको. जहाज डोलत असेल तर कटिंग किंवा वस्तरा नको म्हणा. आम्ही पाय फाकवून, कंबर खुर्चीला टेकवून कापायचो, पण एका लाटेला कात्री जेवढी सरकते तेवढी सरकतेच. तुमच्या सासऱ्यांना दाढी करून घ्यायची हौस असेल तर जहाज बंदरात उभं असताना करून घ्या. त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर वस्तरा नकोच, घरचं मशीन न्या.

भुवया इथूनच करून जा. परदेशी जहाजांवर दोऱ्याचं थ्रेडिंग येणारं कोणी सापडेलच असं नाही, ते वॅक्स लावतात. लेक मुरुमांसाठी रेटिनॉइडचं मलम लावत असेल तर वॅक्सने भुवयांखालची कातडी सोलून निघते, तिथे तिने वॅक्सला सरळ नाही म्हणावं.

खोलीत ड्रायर असतो, पण त्यात दम नसतो. स्वतःचा स्ट्रेटनर नेणार असाल तर त्यावरचं लेबल वाचा. ‘१०० ते २४० व्होल्ट’ लिहिलं असेल तर चालेल. नुसतं २२० असेल आणि खोलीतल्या ११० व्होल्टच्या सॉकेटला लावलं तर तो नीट तापणार नाही. आपली तीन पिनची जाड पिन बसत नाही, साधा ॲडॅप्टर न्या. कपड्याची इस्त्री, स्टीमर आणि एक्स्टेंशन बोर्ड मात्र बॅगेत टाकू नका, आगीच्या भीतीने जहाजावर काढून घेतात. हेअर स्प्रे आणि तेलाची बाटली १०० मिलीहून मोठी असेल तर विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही.

राहिला सासूबाईंचा खोपा, जो मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ५० वर्षांचा सोहळा आहे त्यांचा. जहाजावरची मुलगी फिलिपिन्सची असेल, दक्षिण आफ्रिकेची असेल, तिने खोपा कधी पाहिलेला नसतो. ती हौसेने प्रयत्न करेल आणि इंग्रजी सिनेमातला अंबाडा घालून देईल. फोटो दाखवणार असाल तर मागून, उजवीकडून आणि वरून असे तीन न्या. काळ्या यू पिना, गंगावन आणि जाळी इथूनच न्या, सीताबर्डीत सगळं मिळतं. गजरा कापडी घ्या, ताजी फुलं परदेशात नेताना तपासणीत अडकतात. सलूनमध्ये फक्त धुऊन, नीट वाळवून, विंचरून घ्या. तेवढं काम त्या मुली आपल्यापेक्षा हळुवार करतात, आणि साठ-सत्तरीतल्या बाईला कोणीतरी निवांत डोकं धुऊन दिलं की तिचा चेहरा कसा होतो, ते मी त्या खुर्चीमागून बघितलंय. खोपा मोठ्या गुंडाळीचा नको, मान दुखते. बांधायचं काम खोलीत लेकीने करावं. तिला एखाद्या मंगळवारी दुपारी माझ्याकडे पाठवा, सोबत आजीलाही येऊ द्या. खोपा अर्ध्या तासात हातात बसतो, दोनदा आजीच्याच केसांवर घालून बघितला की तिसऱ्यांदा ती आरशात न बघता घालेल. येताना ते २०-२५ केसही घेऊन यायला सांगा.